आत्याबाई प्लॅन पारखतात

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. मी दिवसातून शंभरदा घेते आणि हरीओम अजून ठणठणीत आहे. सासूचं नाव मात्र माझ्या तोंडात येत नाही. सारं मंगरूळपीर त्यांना रुख्मिणीबाई म्हणतं, मी आत्याबाई म्हणते. भांडतानाही आत्याबाईच म्हणते, फक्त आवाज जरा चढतो. आणि आमच्या घरात आवाज चढायला फार मोठं कारण लागत नाही.

मागच्या होळीनंतर आवाज चढला तो आत्याबाईंच्या सायकलीवरून.

सायकल मुळात माझ्या लेकीची, वैभवीची. आठवीत शाळेतून मिळालेली. पुढे पोरगी कॉलेजात गेली, एसटीनं जाऊ लागली आणि सायकल गोठ्यात पडून राहिली. तिच्या हँडलवर कोंबड्या झोपायच्या. एक दिवस आत्याबाईंनी कोंबड्या हुसकल्या, पदरानं सीट पुसली आणि जाहीर केलं, "मी सायकल शिकतो."

तेव्हा त्यांची पन्नाशी उलटून गेली होती. मामंजी जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी हसले, मला वाटलं थट्टा चालली आहे. पण सोयाबीन निघून खळं रिकामं झालं तशा त्या खरंच सायकल घेऊन खळ्यावर गेल्या. वैभवी मागून कॅरिअर धरायची, मी बाजूनं पळायची, आणि समोर कुटाराचा ढीग असायचा. आत्याबाई त्या भुशात जाऊन पडायच्या, उठायच्या, डोक्यातलं कुटार झटकायच्या आणि औताचा बैल चुकावा तशा सायकललाच शिव्या द्यायच्या. पण शिकल्या. लुगड्याचा सोगा खोचून त्या पहिल्यांदा फाटकाबाहेर पडल्या, तेव्हा बांधावरची माणसं हातातलं काम टाकून पाहत उभी राहिली होती. आत्याबाईंनी कुणाकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पडल्या असत्या, हे त्यांनी मला नंतर सांगितलं.

आमची भाजीची वाडी गावाबाहेर, कारंजा रस्त्याला लागून आहे. वांगी, टमाटे, पत्ताकोबी असा भारी माल हरीओम त्याच्या पिकअपमध्ये भरून कारंज्याला नाहीतर वाशीमला नेतो. शेजारच्यांचाही नेतो. पण सांबार म्हणजे कोथिंबीर, मेथी, पालक, हिरव्या मिरच्या असला हलका माल व्यापाऱ्याच्या दारात मातीमोल जायचा. तोच आत्याबाई सायकलवर लादून गावात नेऊ लागल्या. दवाखान्यातल्या नर्सबाई, तहसीलमधल्या बायका, दर्ग्याजवळच्या गल्लीतल्या खाला, सगळ्या त्यांची वाट पाहतात. ज्या बाईनं उभ्या आयुष्यात बसस्टँडच्या पुढचं मंगरूळ एकटीनं पाहिलं नव्हतं, तिला आता कुणाच्या घरी पाहुणे आहेत आणि कुणाच्या सुनेला दिवस गेलेत हे आधी कळतं. ईदला आत्याबाई त्या गल्लीतून डबाभर शीरखुर्मा घेऊन येतात आणि आम्हाला घोटभर देतात, बाकीचा लपवतात. खरं सांगते, मला त्या सायकलीचा हेवा वाटायचा. सायकल आल्यापासून ही बाई माझ्यापेक्षा तरुण झाली होती.

आता त्यांच्या मोबाइलबद्दल सांगायला हवं. मोबाइल बटणांचा. त्यावर त्या बोलत नाहीत, मिस्ड कॉल देतात. एकदा वाजला की पोचल्या. दोनदा वाजला की माल संपला. तीनदा वाजला की अडचण आहे, ये. आता फोन केल्याचे वेगळे पैसे पडत नाहीत, हे वैभवीनं त्यांना हजारदा समजावलं. पण आत्याबाईंचं म्हणणं पैशाचं नव्हतंच. "आपुन आवाज देला," त्या म्हणायच्या. "ज्याले आपली पर्वा हाय तो परत फोन करते."

होळी होऊन गेली होती, ऊन तापायला लागलं होतं. आत्याबाई मेथी घेऊन निघाल्या आणि वाटेतल्या नथ्थूच्या विहिरीपाशी सायकलची चेन तुटली. ट्रकवाले बंद पडलेल्या गाडीला लावतात तशी त्यांनी पळसाची फांदी तोडून कॅरिअरला खोचली आणि हरीओमला तीन मिस्ड कॉल दिले. हरीओम कारंज्यात गाडीतला पत्ताकोबी उतरवत होता, फोन केबिनमध्ये. मला दिले. मी वाडीत पाण्याचं ओलीत करत होते, फोन घरात चार्जिंगला. एक मोटरसायकलवाला थांबला, म्हणाला बसा मागं, सोडतो. पण सायकल आणि मेथी रस्त्यावर टाकून जायला आत्याबाई तयार नव्हत्या. बराच वेळ वाट पाहिली आणि मग फोन पिशवीच्या तळाशी टाकून त्या सायकल ढकलत निघाल्या. घराकडे नाही, गावाकडे. मेथी विकली, सगळी विकली, आणि मग तीच सायकल ढकलत घरी आल्या. संध्याकाळी गुडघा कोहळ्याएवढा झाला होता.

हरीओम घरी आला, गुडघा पाहिला आणि भडकला.

"बस्स! आता सायकल बंद," तो म्हणाला. "भाजी मी नेतो गाडीत. धनजचा लखीराम सायकल शोधूनच राह्यला, बाजाराच्या दिवशी घेऊन जाते तो."

"अन् माहे गिऱ्हाईक?" आत्याबाईंनी विचारलं.

"ते घेतीन कोनाकडून बी. सांबारासाठी मरते का कोनी?"

त्यानं तिथल्या तिथे लखीरामला फोन लावला आणि शब्द देऊन टाकला. आत्याबाई काही बोलल्या नाहीत. मला तेच खटकलं. आत्याबाई भांडल्या तर भांडण संपतं. त्या गप्प बसल्या की समजावं, आत काहीतरी शिजतंय. मी मात्र गप्प बसले नाही. रात्रीच्या भाकरी मी इतक्या जोरात थापल्या की हरीओमनं दोनदा विचारलं, कोणावर राग आहे. त्याला खरंच कळलं नव्हतं.

दोन-तीन दिवसांनी धरमसिंग आला. धरमसिंग हा हरीओमचा दोस्त, गाड्यांचे विमे उतरवतो. दिवाळीच्या सुमारास पिकअप टमाट्यासकट रस्त्यात बंद पडली होती आणि दिवसभर कुणी मेकॅनिक मिळाला नव्हता. टमाट्यांचं काय झालं ते सांगत नाही, आमच्या गाईंनाही ते नको झाले होते. तेव्हापासून हरीओमच्या डोक्यात होतं की फोन केला की मेकॅनिक येतो, नाहीतर गाडी ओढून नेतात, तसला एखादा प्लॅन घ्यावा. धरमसिंगनं बाजेवर तीन रंगीत कागद पसरले. आत्याबाई शेजारीच गुडघ्याला रुईचं पान बांधून मिरच्यांचे देठ खुडत बसल्या होत्या.

हरीओमनं पहिला कागद उचलला. त्यावर बर्फाच्या डोंगरातून चाललेली लाल गाडी होती, आणि सोबत किल्ल्यांचं किचेन फुकट. "हा मस्त वाटते," तो म्हणाला.

"मालवाहू गाडी चालते का याच्यात?" आत्याबाईंनी मान वर न करता विचारलं.

धरमसिंगनं कागद उलटून बारीक अक्षरं वाचली. "नाई चालत, काकू. फक्त घरची गाडी."

"दुसऱ्यात?"

"दुसऱ्यात चालते."

"माल भरलेली गाडी ओढून नेते का? का पयले रस्त्यावर खाली करा म्हनते? ऊन्हात टमाटे कोठं खाली करावं मानसानं?"

धरमसिंग पुन्हा वाचायला लागला. दुसऱ्यात गाडी आधी रिकामी करावी लागत होती. तिसऱ्यात भरलेली गाडी जवळच्या गॅरेजपर्यंत न्यायची सोय होती, फक्त पैसे थोडे जास्त आणि कागदावर चित्र नव्हतं. हरीओमनं तिसरा घेतला, पण किचेनवाल्या कागदाकडे एकदा पाहिलंच.

"घेतला ना?" आत्याबाई म्हणाल्या. मिरच्यांचं टोपलं त्यांनी बाजूला ठेवलं. "मंग मले एक सांग, हरीओम. तुही गाडी टमाट्यासंग बंद पडली. तू गाडी इकली का?"

"गाडी कायले इकन मी?"

"नाई इकली. तिच्यासाठी पिलान घेतला. मंग माही सायकल एकदा बंद पडली, त तू सायकल काहून इकून राह्यला?"

धरमसिंग छपराकडे पाहत होता. मला इतका आनंद झाला की मी चहात साखर दोनदा टाकली, आणि तो चहा मी हरीओमलाच दिला.

"माय, सायकलचा पिलान रायत नाई," हरीओम शेवटी म्हणाला.

"रायते ना!" धरमसिंगला आता दुसरं गिऱ्हाईक दिसलं होतं. "आजकाल सायकलवाल्यायसाठी बी निंगाले हायत, काकू."

दोन प्लॅन धरमसिंगच्या पिशवीत निघाले, तिसरा वैभवीनं मोबाइलवर शोधला. पैशात फारसा फरक नव्हता, आणि कागदावर तर तिन्ही एकाहून एक चांगले. चोवीस तास सेवा, हसऱ्या पोरी, निळ्या टोप्या घातलेले मेकॅनिक. वैभवीनं मोठ्यानं वाचून दाखवलं आणि विचारलं, "आजी, कोनता घेऊ?"

"वाचून कसं समजन? वांगं दाबून पाह्यल्याबिगर कोनी घेते का? दवाखान्यातल्या बाया त माह्यासमोर चार-चार वांगे दाबते, तवा एक घेते. आपुन बी दाबून पाहू."

हरीओम हसला, पण चिडूनच. "दाब, दाब," तो म्हणाला. "पन बाजाराच्या दिवसापर्यंत मले दाखव का आपल्या या रस्त्यावर कोनी सायकलसाठी येते. नाई त सायकल लखीरामची. मी शब्द देला हाय."

"दाखवतो," आत्याबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी काळीपिवळी जीपमध्ये बसून नथ्थूच्या विहिरीपाशी उतरलो. जिथं चेन तुटली तिथूनच फोन करायचा, घरून नाही, हा आत्याबाईंचा आग्रह. "घरून त कोनी बी गोड बोलते," असं त्यांचं म्हणणं. निघताना वैभवीनं सुचवलं होतं की सायकल बंद पडली आहे असंच सांगा, मग खरं काय ते कळेल. आत्याबाईंनी तिला झापलं. "खोटं नाई सांगाचं. घ्यायच्या आधी इचारून राह्यलो, असंच सांगाचं."

तिन्ही नंबर वैभवीनं मोबाइलमध्ये घालून दिले होते. निंबाच्या सावलीत दगडावर बसून आत्याबाईंनी पहिला नंबर लावला. एकदा वाजला. त्यांनी कापला.

"आत्याबाई!" मी ओरडले. "मिस्ड कॉल काहून देता? हे कंपनीचे नंबर हायत. फुकटात बोलता येते."

"मले मालूम हाय."

"मंग बोला ना!"

"आपुन आवाज देला. आता पाहू."

मी कपाळावर हात मारला. एवढ्या मोठ्या कंपन्यांना मिस्ड कॉल देऊन रस्त्याकडेला बसणारी माणसं आमच्याकडेच सापडायची. त्यांनी दुसरा नंबर लावला, कापला. तिसरा लावला, कापला. मग फोन मांडीवर ठेवून त्या समोरच्या वावरातल्या गव्हाकडे पाहत बसल्या. अशा निवांत की मला आणखीच राग आला.

थोड्या वेळानं फोन वाजला. दुसरी कंपनी. बाईचा आवाज होता, गोड, पण टेप केलेला. अमक्यासाठी एक दाबा, तमक्यासाठी दोन दाबा.

"हावो बाई, ऐक त," आत्याबाई तिला सांगायला लागल्या. "मी रुख्मिनी बोलून राह्यली, मंगरूळची..." बाई थांबेना. तीन दाबा, चार दाबा. आत्याबाईंनी फोन कानापासून दूर धरला. "हे त मले बोलूच देऊन नाई राह्यली. ज्याची गाडी बंद पडली तो मानूस आंगावर ऊन घेत आकडे दाबत बसन का?" आणि त्यांनी फोन बंद केला. मला हसू आवरेना. राग आला असताना हसू येणं फार वाईट, राग वाया जातो.

पहिल्या कंपनीचा फोन आलाच नाही. तिसरीचाही येईना. सावली सरकली, आम्हीही सरकलो. मंगरूळकडे जाणाऱ्या दोन एसट्या गेल्या. मी म्हटलं, पुरे झालं, चला घरी, हवं तर मी वैभवीच्या मोबाइलवरून नीट बोलते. आत्याबाई उठल्या, लुगडं झटकलं. समोरून काळीपिवळी येताना दिसली, मी हात केला, आणि तेवढ्यात फोन वाजला.

"नमस्कार, मी धम्मदीपा बोलते. तुमचा कॉल आमच्याकडून सुटला होता, उशीर झाला, माफ करा. तुम्ही रस्त्यात अडकला आहात का?"

काळीपिवळीवाला थांबला होता. मी त्याला जा म्हणून सांगितलं. तो काहीतरी पुटपुटत गेला.

"अडकली नाई," आत्याबाई म्हणाल्या. "मागं अडकली होती. आता पिलान घ्याचा का नाई, ते पाहून राह्यली. समज का मी अडकली हावो. मंग तू काय करशीन?"

पलीकडून हसल्यासारखा आवाज आला. "बरं, समजले. आधी सांगा, तुम्हाला लागलंय का? सावलीत आहात का? जवळ पाणी आहे का?"

आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या फोनचा आवाज एवढा मोठा आहे की शेजारच्याला सगळं ऐकू येतं. त्यांनी नुसत्या भुवया उंचावल्या, दर्ग्याच्या गल्लीत एखादी खाला भाव न पाडता जुडी उचलते तेव्हा उंचावतात तशा.

"सावलीत हावो. निंब हाय. नथ्थूच्या हिरीपाशी."

"नथ्थूंची विहीर मला सापडणार नाही, मावशी. रस्त्यावरचा किलोमीटरचा दगड दिसतो का कुठे?"

दगड होता. मी पळत जाऊन वाचून आले. धम्मदीपानं नकाशात पाहिलं आणि म्हणाली, सापडलं, तुमच्या पुढे नाल्याचा पूल आहे ना? पूल होता. मग आत्याबाईंनी तिला असं काही घोळात घेतलं की मला त्या पोरीची दया आली. कोण येईल? कारंज्याचा माणूस येईल. किती वेळानं येईल? "खरं सांगू का मावशी, तासाभराच्या वर लागेल. कधी कधी दीड-दोन तास. शहरात लवकर येतो, तुमच्या रस्त्यावर उशीर होतो." घराजवळ अडकले तर? "घरापासून अगदी जवळ असाल तर येत नाही." चेन नवी लागली तर? "माणूस आमचा, चेन तुमची." वर्षातून कितीही वेळा? "नाही, ठरावीक वेळाच." सायकल जुनी असली तर? "सायकल कोणतीही चालते, नाव तुमचं लागतं. प्लॅन माणसाचा असतो."

"अन् जागेवर नाईच दुरुस्त झाली त?"

"मग तुम्हाला आणि सायकलीला गाडीत घालून नेऊन सोडतो. कुठे सोडायचं ते तुम्ही सांगायचं. घरी किंवा जिथे निघाला होता तिथे."

"बाजारात सोडता?"

"बाजारात निघाला असाल तर बाजारात."

आत्याबाईंनी फोन छातीशी धरला आणि मंगरूळच्या दिशेनं पाहिलं. पलीकडून हॅलो, हॅलो ऐकू यायला लागलं.

"तू कोनत्या गावची व, पोरी?" त्यांनी विचारलं.

"दिग्रसजवळची. आता नागपूरला असते."

"जेवत जाजो येळेवर," आत्याबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

घरी येईपर्यंत त्या खुशीत होत्या. "चार गोष्टी नाई म्हनतल्या तिनं," त्या मला सांगत होत्या. "जे नाई ते तोंडावर नाई म्हनते. मंग जे हाय म्हनते, ते असन." संध्याकाळी त्यांनी कमरेच्या बटव्यातून पैसे काढून वैभवीच्या हातावर ठेवले आणि वैभवीनं मोबाइलवरून प्लॅन घेतला. भाजीचे पैसे, त्यांचे स्वतःचे. मेसेज आला. नाव रुख्मिणी पुंजाजी. सेवा तीन दिवसांनी सुरू.

"तीन दिवसांनी?" हरीओमनं मोबाइल हातात घेऊन पाहिलं. "अन् बाजार परवा हाय. लखीराम परवा येते, माय. तुहा पिलान त तवा चालूच नसन."

"असं काय करता?" माझा आवाज चढला, चांगलाच चढला. "बाईनं उन्हात बसून एवढं केलं, अन् तुमी तारखा मोजता?"

"मी शब्द देला हाय. मानूस धनजवरून येऊन राह्यला. त्याले आता वापस पाठवू का?"

"नोको पाठवू," आत्याबाई म्हणाल्या. "शब्द देला तर देला." आणि त्या सायकलच्या चाकात तेल घालायला गेल्या. मी त्यांच्या मागे गोठ्यात गेले, म्हटलं, आत्याबाई, मी रात्रीतून सायकल माहेरी नेऊन लपवते. त्या म्हणाल्या, जाय, स्वयंपाक पाह्य.

बाजाराच्या दिवशी लखीराम आला. साधा, अंगानं किडकिडीत माणूस. त्याची बायको अंजू अंगणवाडीत मदतनीस लागली होती, तिला जायला-यायला सायकल हवी होती. हरीओमनं गोठ्यातून सायकल बाहेर काढली, पण त्याच्यात काही जोर नव्हता. मी ओसरीवर उभी होते आणि माझ्या डोळ्यांत पाणी होतं, लपवत नाही.

आत्याबाईंनी मात्र स्वतः पुढे होऊन हँडल हातात घेतलं आणि लखीरामला सगळं समजावून सांगितलं. चेन नवी टाकली आहे. मागचा ब्रेक जरा सैल ठेव, नाहीतर चाक घासतं. "अन् अंजूले सांगजो, शिकताना समोर पाह्य म्हना. खाली पाह्यलं का पडली." लखीरामनं दिलेल्या नोटा त्यांनी न मोजता बटव्यात घातल्या. त्याला चहा दिला. तो गेला.

मग त्यांनी चपला घातल्या.

"कोठं चालली?" हरीओमनं विचारलं.

"मंगरूळले. सायकल घ्याले."

हरीओमनं लखीराम गेला त्या वाटेकडे पाहिलं.

"तुले वाटलं पिलान सायकलचा हाय," आत्याबाई म्हणाल्या. "तुया गाडीचा हाय ना, तसा. माहा पिलान माहा हाय. सायकल कोनती बी चालते. ते जुनी तशी बी लहान पडत होती मले." आणि त्या फाटकाबाहेर जाऊन काळीपिवळीला हात करून निघूनही गेल्या.

मी इतकी हसले की मला ओसरीवर बसावं लागलं. हरीओम नाही हसला.

दुपारी त्या परत आल्या त्या टेम्पोत सायकल घालून. हिरवी सायकल, पुढे जाळीचं टोपलं, मागे रुंद कॅरिअर, दोन पायांचं स्टँड. बसून आल्या नाहीत, कारण प्लॅन अजून सुरू झाला नव्हता आणि आत्याबाई व्यवहाराला पक्क्या. सायकल अंगणात उभी केली. हरीओम बराच वेळ तिच्याभोवती फिरला, घंटी वाजवून पाहिली. मग एकदम म्हणाला,

"तू पडली त, माय?"

"पडीन. उठीन."

"अन् नाई उठली त?" आमच्या लग्नाला वीस वर्षं होऊन गेली, मी हरीओमला असं बोलताना पाहिलं नव्हतं. "त्या दिवशी गाडी खाली झाल्यावर मी फोन पाह्यला. तुहे तीन कॉल. लावतो त तू उचलत नाई. कारंज्यापासून घरापर्यंत मी कशी गाडी आनली, मले मालूम नाई. दोन जागी मरता मरता वाचलो. दर नाल्यात पाहून राह्यलो होतो, तू पडली दिसतं का म्हनून. मले भेव लागते, माय. सायकलचं नाई, मले तुह्यासाठी भेव लागते."

ही गोष्ट त्यानं मलाही सांगितली नव्हती. घरी येऊन नुसता ओरडला होता.

आत्याबाई बाजेवर बसल्या. त्यांनी त्याला जवळ बसायची खूण केली. तो बसला नाही, उभाच राहिला, घंटीवर हात ठेवून.

"मले मालूम हाय," त्या म्हणाल्या. "तू त्या दिवशी गाडी फाटकात आनली, तवा गाडीचं तोंड पाह्यलं मी. आरसा मोडून आनला होता. म्हनूनच त घेतला पिलान. माह्यासाठी नाई घेतला. मी ढकलत बी येतो. तू स्टेअरिंगवर असतं, हरीओम. तुहा जीव माह्यात नोको अटकून राहाले. मी अडकली त त्या दिग्रसवाल्या पोरीले फोन करीन. तुले नाई करनार. तू समोर पाहून गाडी चालव."

तो पिकअपकडे गेला. मला वाटलं, रुसून गाडी काढून निघून जाणार. पण तो पान्हा घेऊन आला, मांडी घालून जमिनीवर बसला आणि सायकलची सीट खाली करायला लागला. "बस," तो म्हणाला. आत्याबाई बसल्या. पाय जमिनीला टेकत नव्हते. त्यानं आणखी खाली केली. "आता?" दोन्ही पाय टेकले. त्यानं बोल्ट आवळला, मग पुन्हा आवळला, मग ब्रेक तपासले, आणि जे आधीच घट्ट होतं तेही सगळं घट्ट करत अंधार पडेपर्यंत तिथेच बसून राहिला. मी त्याला चहा दिला, साखर बरोबर घालून.

प्लॅन सुरू झाल्याचा मेसेज आला त्या सकाळी आत्याबाईंनी टोपल्यात सांबार भरलं, कॅरिअरवर पालकाच्या जुड्या बांधल्या आणि सोगा खोचून निघाल्या. हरीओमची गाडी आज लवकर भरून झाली होती, त्याचं त्यालाच माहीत कशी. तो त्यांच्या मागोमाग फाटकातून बाहेर पडला. मी फाटकात उभी राहून पाहत होते. पुढे हिरवी सायकल आणि मागे वांग्यांनी भरलेली पिकअप, माणूस पायी चालेल इतकी हळू. पिकअपमागे एसटी येऊन थांबली, तिच्यामागे ट्रॅक्टर, आणि हॉर्न वाजायला लागले तरी हरीओम पुढे जाईना.

आत्याबाईंनी मागे वळून पाहिलं नाही. हँडल सांभाळत त्यांनी उजवा हात बाहेर काढला आणि दोनदा हलवला, जाय म्हणून.

पिकअप थोडा वेळ तशीच राहिली. मग हरीओमनं गाडी बाजूनं काढली, त्यांच्या पुढे नेली आणि वेग वाढवला. पुलापर्यंत मी पाहत होते. तो पुन्हा हळू झाला नाही.